गंज जपणारे काका

भिलईत त्यांना सगळे बंदूककाका म्हणतात. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, गृहस्थ चंबळकडचे असावेत. प्रत्यक्षात काकांनी हयातीत चिमणीही मारलेली नाही. नोकरी सारी भिलई पोलाद कारखान्याच्या, म्हणजे बीएसपीच्या, रेल मिलमध्ये गेली. आता हुडको वसाहतीतल्या घरात आजोबांची, मालगुजारीच्या काळातली एक दुनळी बंदूक आहे आणि तिच्यावर लिहिलेल्या वह्यांची चळत. भिलईची पहिली झोतभट्टी १९५९ ची, शस्त्र कायदाही १९५९ चाच. काकांच्या आयुष्यावर या दोघांचंच राज्य.

दुनळी बाहेर घोडे असलेली, जुन्या पद्धतीची. १८७५ साली बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्समधल्या ॲन्सन आणि डीली या दोघांनी घोडे बंदुकीच्या पोटात दडवले, हे काका अजून भाऊबंदकीतल्या दाव्यासारखं सांगतात.

पण त्यांचा खरा जीव तिच्या मूळ रंगात. जन्मभर गंजाला शिव्या घातलेला हा माणूस आता गंजच जपतो! जुनी दमास्कस नळी म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून ठोकलेली. तिचा तपकिरी रंग म्हणजे मुद्दाम चढवलेला गंज. औषध लावायचं, गंजू द्यायचं, घासायचं, पुन्हा लावायचं. तेव्हा कुठे पिळाची नक्षी वर येते. घोड्यांखालच्या पट्ट्यांवर निळे-पिवळे ढग असतात, ते हाडांच्या कोळशात तापवून पाण्यात विझवल्याचे. उन्हानं, हातानं ते उडतात. म्हणून काका टॉर्च घेऊन घोड्याच्या आडोशाला, जिथे कुणाचा अंगठा पोचलेला नाही तिथे, नखाएवढा निळा शोधतात. सापडला की काकूंना हाक. काकू स्वयंपाकघरातूनच म्हणतात, "दिसला हो!"

निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा. एकदा ठाण्यातल्या मुन्शीजींनी रजिस्टरात लिहिलं, 'दुनाली, पुरानी, रंग उड़ा हुआ.' काका तिथेच ठाण मांडून बसले. "उड़ा नहीं है, असली है!" मागे रांग खोळंबलेली. शेवटी मुन्शीजींनी दुरुस्ती केली: 'रंग असली, मालिक के कथनानुसार.' त्या पावतीची झेरॉक्स काकांनी वहीत चिकटवली आहे. संशोधनाला मिळालेली ती एकमेव सरकारी मान्यता.

पुतण्यासाठी राजनांदगावला मुलगी बघायला गेले, तर दिवाणखान्यात तशीच दुनळी टांगलेली. नुसती लखलखत होती. मुलगी पोहे घेऊन येईपर्यंत काका टॉर्चसकट खुर्चीवर चढले होते.

"हे कुणी केलं?" आवाज सुतकी.

"आमच्या हिनंच," वडील कौतुकानं म्हणाले. "दिवाळीत पॉलिश पेपर आणला आणि घासून लख्ख करून टाकली!"

काकांनी पोह्यांना हात लावला नाही. पुतण्यानं दोन बश्या संपवल्या आणि होकार दिला.

लग्नाला काका आले, जेवले, आहेराचं पाकीटही दिलं. आत पाचशे एक रुपये होते आणि वहीतून फाडलेली चार पानं: 'नवविवाहितेने घरातील लोखंडी वस्तूंना काय लावू नये.'