दिरंगाईची सनद

कलानिर्मितीत घाई करू नये हे तत्त्व ‘गन्स अँड रोझेस’ या रॉक बँडच्या ॲक्सल रोझ यांच्याइतक्या निष्ठेने क्वचितच कोणी पाळले असेल; ‘चायनीज डेमॉक्रसी’ या पुनरागमनाच्या ध्वनिमुद्रिकेपायी दशकाहून अधिक काळ आणि एक कोटी डॉलरांहून अधिक रक्कम खर्ची पडली, आणि बकेटहेड नामक गिटारवादकाची चित्तवृत्ती प्रसन्न राहावी म्हणून स्टुडिओतच कोंबड्यांचे खुराडे उभारले गेले (खुराड्याचा खर्च कोणत्या सदरी पडला असावा?). वस्तुतः, अपूर्ण कृतीत दोष काढता येत नसल्यामुळे, ती प्रसिद्ध करण्यास कायमची मनाईच असावयास हवी होती. २००८ साली मुद्रिका निघाल्यास अमेरिकेत सर्वांना शीतपेय फुकट देण्याचे ‘डॉ. पेपर’ने जाहीर केले होते. २३ नोव्हेंबरला ती निघाली. कंपनीने फुकट पेयाच्या कुपनांसाठी एक दिवस दिला, आणि मुदत अपुरी असल्याची तक्रार रोझ यांच्या वकिलांनी तत्काळ गुदरली.