पिकअप येत नाही

रायपूरजवळच्या बीरगांवातून कुठल्याही दिशेने निघालात तरी समुद्र निदान चारशे किलोमीटर लांब आहे. बोटिंग म्हणावं असं पाणी धमतरीकडे, गंगरेल धरणात. रोज डोळ्यांना दिसणारं पाणी म्हणाल तर टँकरचं, आणि त्याच्यासमोर लोक बादल्या घेऊन उभे राहतात, नावा घेऊन नाही. अशा गावात नावेला लावायची मोटर बाळगणारा माणूस मी एकटाच असल्यामुळे माझ्याकडे बघायची गल्लीची एक खास नजर तयार झाली आहे.

मोटर आली भंगारातून. उरला-सिलतराच्या कारखान्यांमुळे आमच्याकडे भंगाराला तोटा नाही. कुठकुठलं लोखंड इथे येतं, भट्टीत वितळतं आणि सळई होऊन लोकांच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतं. कबाड्याच्या ढिगात ही उभी होती: डोक्यावर उघडं फ्लायव्हील, मागे पितळेची टाकी, मग कमरेएवढी लांब नळी आणि तळाला पाच पात्यांचा पंखा. ब्रिटिश सीगल. 1931 साली इंग्लंडात सुरू झालेल्या जातीची, दिसायला गरीब आणि स्वभावाने हट्टी. कबाड्याने तिची इंग्रजी परंपरा मान्य केली नाही. त्याने नखाने टाकी खरवडली आणि म्हणाला, "साहब, टंकी पीतल की है, इसका रेट अलग लगेगा."

घरी आणल्यावर सौ.ने विचारलं, "अहो, हा मिक्सर आहे की फवारणीचा पंप?" चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात बातमी पोचली, तिथे बरीच चर्चा झाली. त्यातून 'गणपती विसर्जनाला उपयोगी पडेल' एवढा एकच व्यवहार्य मुद्दा निघाला.

मी सगळ्यांना ओले एव्हिनरूडची गोष्ट सांगतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या उन्हाळ्यात हा नॉर्वेचा गडी बेस नावाच्या मुलीसाठी आइस्क्रीम आणायला तलावापलीकडे वल्हवत गेला. परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळलं. चिडून त्याने नावेची मोटर बनवायचं ठरवलं, बेसशी लग्न केलं, मोटर बनवली, 1909 साली धंदा काढला आणि जाहिराती बेसनेच लिहिल्या. दीड हॉर्सपॉवरची ती मोटर अठ्ठावीस किलोची होती. प्रेमात माणूस काय काय उचलतो! सौ.चं म्हणणं, आइस्क्रीम घरपोच मिळतं आता.

असो. मोटर सुरू झाली, पण जोर लागेना. म्हणून मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींचा जन्म राजदूत आणि लूना खोलण्यात गेला. देह भरदार, हात मऊ. कार्ब्युरेटर पाहताच त्यांचा चेहरा उजळला, "अरे, ये तो अमल है! पुरानी बुलेट वाला!" आणि लगेच निदान: "पिकअप नहीं आ रहा, साहब. ऑइल जास्ती है."

ऑइल जास्त होतंच. या जुन्या सीगलना दहा भाग पेट्रोलला एक भाग ऑइल लागतं, म्हणजे पाच लिटरला अर्धा लिटर. पेट्रोल पंपावरच्या पोराने हे प्रमाण ऐकून मला पुऱ्या तळायच्या आहेत का, असं विचारलं होतं. मिस्त्रींना ते पन्नासास एकवर आणायचं होतं. पण इथेच गोम आहे. या इंजिनात क्रँकशाफ्टला आजच्यासारखी रबरी सील नाहीत, साध्या बुशा आहेत. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन खाली येताना क्रँककेसमधलं मिश्रण दाबून वर ढकलतो. बुशांमधून ते मिश्रण निसटलं की दाब गेला आणि जोरही गेला. ती फट बुजवायचं काम ते घट्ट ऑइलच करतं. ऑइल कमी केलं असतं तर धूर कमी झाला असता, आणि काही दिवसांनी मोटरही.

धुराचं मात्र खरं आहे. ज्या गावात सकाळी वाळत घातलेला पांढरा बनियन संध्याकाळी राखाडी होऊन घरात येतो, तिथे शेजाऱ्यांनी धुराची तक्रार केली ती फक्त माझ्या मोटरची.

जोर खाल्ला होता तो दुसऱ्याच गोष्टींनी. एक्झॉस्टचा पोर्ट काजळीने इतका भरला होता की भोक करंगळीएवढं उरलं होतं. मिस्त्रींनी पिस्टन खाली घेतला आणि लाकडी काडीने ती काजळी खरवडली. लोखंडी पेचकस चालत नाही, ओरखडे उठतात. निघाली ती कोळशाच्या खपल्यांसारखी, कागदावर मूठभर. पॉइंट्सवर हिरवट गंज होता, तो घासून फट अर्धा मिलिमीटर लावली. पेट्रोलची नळी फुगून आतून चिकट झाली होती, कारण आता पेट्रोलमध्ये इथेनॉल येतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. शिवाय ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून टाकीत पेट्रोल महिनोन् महिने ठेवायचं नाही. शेवटी पंख्याच्या पात्यांच्या वळलेल्या कडा कानशीने साफ केल्या.

मग चाचणी. कारखान्यातला निळा प्लास्टिकचा ड्रम अंगणात भरला, मोटर त्याच्यावर टांगली. आमच्या मॉडेलला न्यूट्रल नाही. इंजिन फिरलं की पंखा फिरलाच. मिस्त्रींनी फ्लायव्हीलला दोरी गुंडाळली, अंगाचं सगळं वजन घालून ओढली, मोटर गरजली आणि ड्रममधलं पाणी क्षणात अंगणात, भिंतीवर आणि शेजारच्या पापडांवर गेलं. "पिकअप आ गया!" मिस्त्री ओरडले. ते काही खरं नव्हतं. ड्रममध्ये धुराचे बुडबुडे मिसळून पाणी फेसाळतं, पंख्याला धरायला काही उरत नाही, म्हणून इंजिन नुसतंच पळतं. शेजारणींना हे शास्त्र समजावण्याची वेळ ती नव्हती.

खरी परीक्षा महादेव घाटावर, खारून नदीत. एका केवटाची लाकडी नाव ठरवली, मागच्या टोकाला फळी ठोकून मोटर लावली. मागे मी, माझ्या शेजारी पाना घेऊन मिस्त्री, पुढे केवट. नाव निघाली, पण नाक आभाळाकडे आणि शेपूट पाण्यात. मिस्त्री थ्रॉटल पिळत राहिले. पाणी उसळायचं, वेग तोच. "बडा जेट डालना पड़ेगा," ते म्हणाले.

कार्ब्युरेटरमधला जेट कितीही मोठा घाला, बारा फुटांची अशी नाव ताशी साडेआठ किलोमीटरच्या पुढे सहसा जात नाही. ती आपल्याच लाटेत अडकते. पुढची लाट नाकाशी, मागची शेपटाशी, आणि नाव मधल्या खड्ड्यात. जादा ताकद तो खड्डा खोल करण्यात जाते. हे मी मिस्त्रींना सविस्तर सांगत होतो, तेवढ्यात केवटाने मागे वळून एकदा मोटर पाहिली आणि एकदा मिस्त्रींना.

"मोटर के दोस नो हे, मिस्त्री," तो म्हणाला. "तैं आगू डहर आके बइठ."

मिस्त्री अपमान गिळून, नाव हेलकावत, पुढे जाऊन बसले. नाक खाली आलं, शेपूट वर उठलं, आणि नाव अशी सरळ पळाली की घाटावरच्या पोरांनी शिट्या मारल्या. एवढ्या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त पिकअप या एका दुरुस्तीने आला, हे मी मोठ्या मनाने मान्य केलं.

मिस्त्रींनीही केलं. संध्याकाळी बिल आलं त्यात कार्बन सफाई, पॉइंट, नळी यांच्या खाली एक ओळ जास्त होती: 'बैलेंसिंग, दो सौ रुपये.'