मिशीतून आलेला समुद्र

पोरांना सगळं लहानपणीच शिकवावं, असं माझं ठाम मत आहे. जे मला स्वतःला येत नाही, त्याबद्दल तर फारच ठाम. पोहायला मी पस्तिशीत शिकलो, तेही तलावाचा कठडा हाताशी ठेवून. म्हणून लेकीला दहा पूर्ण होताच तिला स्कूबा शिकवायचं मी ठरवून टाकलं.

"तिला विचारलंस?" बायको म्हणाली.

"मुलांना विचारत बसलो असतो तर या देशात कुणीच शेपूची भाजी खाल्ली नसती," मी म्हणालो.

अभ्यास मात्र केला होता. जगभर डायव्हिंग शिकवणाऱ्या 'पाडी'च्या नियमांत आठ वर्षांच्या मुलाला फार तर दोन मीटर पाण्यात बुडबुडे काढायची मुभा आहे. दहाव्या वर्षी छोट्यांचं प्रमाणपत्र मिळतं. पण मर्यादा बारा मीटरची, आणि सोबत प्रमाणपत्रधारी पालक किंवा व्यावसायिक डायव्हर हवा. यातला 'पालक' हा शब्द मला फार आवडला. त्याच्या आधीचा शब्द नजरेतून सुटला.

नाताळच्या सुट्टीत मालवण गाठलं. आधी दोघांनी हौसेची एकेक डुबकी मारायची, मग तिचा रीतसर कोर्स, असा बेत. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ बोट थांबली आणि प्रशिक्षक सांगू लागला. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे सगळं ठीक. अंगठा वर म्हणजे वर जायचंय. कानांना दडे बसले की नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं. आणि काही झालं तरी श्वास रोखायचा नाही. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो. तिथं छातीभर घेतलेली हवा कोंडून वर आलात तर ती फुगून दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटतं.

लेक जिवाचे कान करून ऐकत होती. मी किल्ल्याचे फोटो काढत होतो. शिवाय सहा वर्षं प्राणायाम करणाऱ्याला श्वासाबद्दल कुणी काय सांगावं?

"सायबानू, मिशी आसा तर मास्कात पाणी येतला," प्रशिक्षक म्हणाला आणि त्यानं माझ्या मिशीला व्हॅसलीन चोपडलं. घराण्याची मिशी चकलीच्या सोऱ्यासारखी तुळतुळीत झाली. तरी पाणी आलंच. ते नाकाशी येताच मी घाबरलो, आणि घाबरल्यावर सहा वर्षांचा सराव कामी आला. मी उत्तम कुंभक केला. प्रशिक्षकानं मागून पाठीत असे दणके घातले की आपोआप रेचक झाला.

जरा स्थिरावतो तो समोरून एक पट्टेरी मासा गेला. खूश होऊन मी अंगठा वर केला. क्षणात आम्ही पाण्याबाहेर.

"काय झाला?"

"काही नाही. मासा छान होता."

पुन्हा खाली. पुन्हा मासा, पुन्हा अंगठा, पुन्हा वर. तिसऱ्यांदा खाली न्यायचं त्याच्या जिवावर आलं. बोटीवर चढलो आणि कडेला वाकून पोटातला समुद्र, सकाळच्या घावण्यांसकट, परत केला. त्यावर माशांची झुंबड उडाली. लेकीला त्या दिवशी मासे दिसले ते एवढेच.

कारण ती उतरलीच नाही. "मला सर्दी आहे," असं तिनं प्रशिक्षकाला आधीच सांगून टाकलं होतं. लहान मुलांची कानापासून घशाकडे जाणारी नळी मुळात अरुंद आणि आडवी; त्यात सर्दी असली तर दाब सारखा होत नाही, कानाला इजा होते. त्यानं तिला शाबासकी दिली. मला टॉवेल दिला.

परतताना तिनं विचारलं, "बाबा, कोर्स केला की पाण्यात माझा जोडीदार कोण?"

"मीच की!"

"मग जोडीदार बेशुद्ध पडला तर त्याला वर आणायचं असतं ना? तू चौऱ्याऐंशी किलोचा. मी अठ्ठावीस."

दहा वर्षांच्या मुलीला स्कूबा शिकवावं का, यावर मी बरंच वाचलं होतं. हा प्रश्न कुठंच भेटला नव्हता. तिला सगळं पाठ होतं. ऐकणं जमत होतं, आणि 'नको' म्हणणंही. एक बाप पाण्यातून ओढून काढण्याएवढं बळ तेवढं नव्हतं. कोर्स तिला हवासा वाटेल तेव्हा करायचा, असं ठरलं. मला मात्र त्याच संध्याकाळी हाताच्या खुणांची उजळणी करावी लागली.

अजून सवय गेलेली नाही. परवा आमटी झकास झाली होती, म्हणून जेवताना अंगठा वर केला.

"वर जायचंय, बाबा?" लेकीनं विचारलं.

"जा," बायको म्हणाली, "पण विम्याचे कागद कुठं ठेवलेत ते सांगून जा."