एरेशन टाकीतल्या कामगारांस अनावृत पत्र

प्रति,
समस्त जिवाणू कामगार, ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण) विभाग,
आमचा सहकारी साखर कारखाना
(नाव लिहीत नाही, वासावरून पत्ता सापडतोच.)



यंदाच्या बॉयलर अग्निप्रदीपनाचं आमंत्रण तुम्हाला गेलं नाही, याबद्दल एक सभासद म्हणून दिलगीर आहे. पण तुमचं नाव हजेरीपटावर नाही, दिवाळीची साखर तुम्हाला नाही, आणि तुमच्यापैकी कुणी संचालकांचा भाचाही नाही. बसवायचं कुठे?

खरं तर गळीत सुरू होण्याआधी महिनाभर तुम्हाला शेणकाला घालून, हळूहळू मळीच्या पाण्याची सवय लावून पोसायचं असतं. यंदा आधी गव्हाणीत मोळी पडली, मग टाकीत ट्रॉलीभर शेण पडलं. चार दिवसांत तुम्ही कामाला लागाल, असं सर्वांनी गृहीत धरलं. लागला नाहीत. शेणानं तरी सहकाराची लाज राखायची!

आता गावात ओरड आहे की सडक्या अंड्यांचा वास येतो, आणि ठपका तुमच्यावर आहे. रस गोरा व्हावा म्हणून आपण त्याला गंधकाचा धूर देतो; त्यातला काही गंधक सल्फेट होऊन सांडपाण्यात उतरतो. टाकीच्या पाण्यात लिटरमागे 2 मिलिग्रॅम प्राणवायू असला की तुम्ही निमूटपणे साखर खाता, वास येत नाही. टाकीत हवा फुंकणारा ब्लोअर थांबला की तुमचा जीव गुदमरतो, आणि तळाशी बसलेली दुसरी टोळी जागी होते. तिला प्राणवायू लागतच नाही, ती सल्फेटवर जगते. तिच्या उच्छ्वासाला हायड्रोजन सल्फाइड म्हणतात. त्यात पाणी आंबलेलं असलं, चुन्याची निवळी वेळेवर पडली नाही, की तो वायू पाण्यात राहायलाच तयार नसतो. थेट आमच्या ओसरीवर येतो.

ब्लोअर रात्री का थांबतो, हे विचारू नका. सहवीज प्रकल्पात वाचलेलं प्रत्येक युनिट विकता येतं आणि तुमचा श्वास विकता येत नाही. त्या पैशातले दोन-चार आणे माझ्या उसाच्या बिलातही येत असतील, म्हणून मीही सभेत हात वर करतो तो मंजुरीसाठीच.

व्यवस्थापन स्वस्थ बसलेलं नाही. कुंपणाला नळ्या लावून मोगऱ्याच्या अत्तराचे फवारे सुरू केलेत. आता सकाळी दार उघडलं की गजऱ्यात गुंडाळलेलं नासकं अंडं भेटतं. मला याहून स्वस्त उपाय ठाऊक आहे. हा वायू हवेत दशलक्ष भागांत 100 भाग झाला की काही मिनिटांत नाक बधिर होतं, वास म्हणून येतच नाही. तक्रार कायमची मिटते. तक्रारदारही मिटू शकतो. गटारात उतरलेली माणसं अशीच जातात. पण फायलीत ‘वास नाही’ असं खरंखुरं लिहिता येईल.

आता गाळाचं. प्रयोगशाळेत मी तुमचा तो एक लिटरचा काचेचा नळा पाहिला. तीस मिनिटांत गाळ खाली बसून तिसऱ्या हिश्शाएवढा राहावा, तर आपला नऊशेच्या रेघेवर मांडी ठोकून बसलेला. केमिस्ट म्हणाला, ‘फुगलाय.’ तुमच्यातले दोऱ्यासारखे लांबुडके भाऊबंद माजलेत, ते एकमेकांत गुंततात आणि गाळाला दबू देत नाहीत. कारण ऐकून मला हसू आलं. शंभर भाग खाद्याला पाच भाग नत्र आणि एक भाग स्फुरद लागतो म्हणे. उसाला युरिया-सुपर वेळेवर घाला म्हणून शेती खातं आमच्या बांधावर येतं, आणि स्वतःच्या टाकीत नुसती साखर!

बरं, तुमची संख्या वाढली की जादा गाळ रोज बाहेर काढायचा असतो. पण वाळवायचे वाफे गच्च भरलेत, आणि मजूर ऊसतोडीला. शंभर टँकर गाळात नव्व्याण्णव टँकर पाणीच असतं. ते पिळून काढायचं यंत्र आहे, त्याचे कापडी पडदे फाटलेत, नव्यांची मागणी खरेदी समितीकडे आहे. तोवर तुम्ही क्लॅरिफायरच्या, म्हणजे गाळ निवळायच्या टाकीच्या, तळाशी मरा, कुजा आणि बुडबुड्यांवर बसून ढेकळांनी वर या. वर आलात की तुम्हाला काठीनं ढोसायला एक माणूस नेमला आहे. तो कायम आहे.

वार्षिक सभेत तुमच्यासाठी ठराव मांडणार आहे: ‘ईटीपीतील जिवाणूंनी कारखान्याच्या हितासाठी रात्री दहा ते सकाळी सहा श्वास रोखून धरावा.’ एकमतानं मंजूर होईल. विरोध करायला कुणी तोंड उघडणार नाही. हल्ली आमच्याकडे तोंड उघडलं की वास आत जातो.

आपला,
ओढ्यापलीकडचा एक सभासद

ता. क. : सोमवारी तपासणी आहे असं आतून कळलंय. रविवारी रात्रभर ब्लोअर चालू राहील. मेलेले उठणार नाहीत. उरला असाल तेवढ्यांनी पोटभर श्वास घ्या.