खाडीत उभं राहून जिताडा न पकडण्याची सोपी पद्धत

गरीला कोळंबी लावून मासा कोणीही काढतो. प्लास्टिकचा मासा दाखवून खरा मासा गरवणं हा खरा छंद. कोकणातल्या खाड्यांच्या उथळ पाण्यात तो सुरू करू पाहणाऱ्यांसाठी या सूचना.

१. दुकानात जाण्याआधी पंचांग बघा. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ साधारण मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. म्हणजे अष्टमीला भर दुपारी बाराला खाडीत नुसता चिखल. नवशिके नेमके तेव्हाच पोचतात, कारण त्यांना रविवार सोयीचा असतो. समुद्राला रविवार नसतो.

२. जागा हेरा. ओहोटी लागली की कांदळवनातल्या ओघळींतून पाणी खाडीत उतरतं, त्याबरोबर बोयटं आणि कोळंबीही. ओघळीच्या तोंडाशी जिताडा दबा धरून असतो. लुअर, म्हणजे तो प्लास्टिकचा मासा, तिथे टाकायचा असतो. नवशिका तिथूनच चालत जातो.

३. पाऊल उचलून टाकू नका, तळाशी घासत पुढे न्या. पाकट अंगावर चिखल ओढून पडलेलं असतं. चाहूल लागली तर सरकतं, वर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं. कालवांच्या धारेसाठी जाड तळव्याचे बूट हवेत. चपला आणल्याच असतील तर एक चिखलात राहील, दुसरी घरी न्या.

४. गुडघाभर पाण्यात तरंगता लुअर वापरा. रीळ एकसारखं फिरवू नका: दोन झटके, मग थांबा. जिताडा बहुधा त्या थांब्यातच तोंड उघडतो आणि लुअर पाण्यासकट आत ओढतो. ‘ठप्प’ असा आवाज येतो. त्या क्षणी तुम्ही मोबाइल बघत असाल. नसलात, तर तो उडी मारून डोकं झटकेल आणि कल्ल्याच्या धारदार कडेने दोरी कापेल. म्हणून लुअरच्या आधी हातभर जाड दोरीचा लीडर बांधा. पहिल्या दिवशी मात्र तिवराची फांदीच लागते. ती सहसा सुटत नाही.

५. बांधावरून कोणीतरी काका विचारतीलच, ‘‘काय रे, लागलं काय?’’ ‘‘पाणी गढूळ आहे,’’ एवढंच म्हणा. खाडीचं पाणी गढूळच असतं, त्यामुळे खोटं बोलल्याचं पाप लागत नाही.

६. चुकून जिताडा लागलाच, तर आधी आकार बघा. हा मासा बहुधा नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. लहान सोडला नाहीत तर पुढची मादी गेली. मोठी ठेवलीत तर तिची लाखो अंडी गेली. तेव्हा दोन्ही सोडा, मधला एखादा घरी न्या. तोही लागला नाही, तर खारेपाटातल्या तळ्यांत पाळलेला जिताडा विकत मिळतो. कालवण तितकंच चांगलं होतं.