पुढाऱ्याचा अहंकार: जोपासना व निगा

पनवेलात राजकीय पुढाऱ्याचा अहंकार चौकातल्या फ्लेक्सवर उघड्यावर वाढतो आणि पहिल्या पावसात फाटतो. मंडळीच्या पुढाऱ्याने, मग तो पाळक असो की पंच, त्या वाटेला जाऊ नये. त्याच्या अहंकाराला नम्रतेची सावली मानवते. नावाआधी ‘प्रभूचा नम्र सेवक’ असे लिहावे, फक्त अक्षर ठळक ठेवावे. पवित्र गुरुवारी लोकांचे पाय जरूर धुवावेत. ते घरून धुऊन आलेले असावेत आणि छायाचित्रकार वेळेवर यावा. सारे श्रेय देवाला द्यावे, पण केलेल्या कामांची यादी वाचून झाल्यावर. सभास्थानातल्या मानाच्या आसनांवर जीव टाकणाऱ्यांना येशूने फटकारले होते (मत्तय २३). तो ठपका त्या काळच्या परूश्यांच्या नावे जमा करून आपण व्यासपीठावरच्या मखमली खुर्चीत निवांत टेकावे.

एवढ्याने मात्र अहंकार टिकत नाही. अपयशाचे त्याला फारसे भय नसते. भय असते ते टोकणाऱ्या माणसाचे. बायबलातल्या उज्जीया राजाचा दाखला अभ्यासावा. १६व्या वर्षी गादीवर आलेल्या या राजाने बुरूज बांधले, विहिरी खोदल्या, शेती वाढवली. दुसऱ्या इतिहासाचा २६वा अध्याय आधी त्याची पाठ थोपटतो आणि मग सांगतो, की बलाढ्य झाल्यावरच तो उन्मत्त झाला. धूप जाळायला तो मंदिरात शिरला तेव्हा मुख्य याजक अजऱ्या आणि आणखी ८० याजक आडवे आले. राजा संतापला, तिथेच त्याच्या कपाळावर कोड उठले, आणि मरेपर्यंत त्याला वेगळ्या घरात राहावे लागले. भाबडे वाचक यातून ‘गर्वाचे घर खाली’ एवढेच शिकतात. व्यवहारी पुढाऱ्याने ध्यानात घ्यावे, की कपाळावरचे कोड ज्याचे त्याला दिसत नाही. ते याजकांनी पाहिले. उज्जीयाने वेळीच याजक बदलले असते, पंचमंडळात मेहुणा आणि खजिनदारपदी पुतण्या बसवला असता, तर कोड असूनही तो सुखाने मिरवला असता.

यावर शंका निघतील. कोणी म्हणेल, संदेष्ट्या नाथानाने दावीद राजाला तोंडावर दोषी ठरवले, तरी दावीद राजाच राहिला. मग टीका ऐकल्याने पद कुठे जाते? प्रश्न अडचणीचा आहे. म्हणून स्तोत्र १०५ पुढे करावे: देवाच्या अभिषिक्ताला हात लावायचा नाही. तिथे ही ताकीद राजांनाच दिली आहे, आणि तीही परमुलखात भटकणाऱ्या मूठभर निराधारांसाठी, हे मंडळीला सांगू नये. सगळेच टीकाकार नाथान नसतात, काही नुसते भांडखोर असतात, हेही खरे. पण ते ऐकून घेतल्याशिवाय कळत नाही, आणि ऐकून घेणे आपल्या अभ्यासक्रमात नाही. एवढे करूनही कोणी हटला नाही, तर त्यालाच गर्विष्ठ ठरवावे. हा उपाय जुना आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाई त्रैक्यावर आणि चर्चच्या अधिकारावर प्रश्न विचारू लागल्या, तेव्हा त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांनी त्यांच्यावर गर्वाचाच ठपका ठेवला होता. उपाय सपशेल फसला, हे नोंदवणे भाग आहे. त्या ‘गर्विष्ठ’ बाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारले आणि हिब्रू-ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले.