बॉनेटवरचा मासा

काळेवाडीत गल्लीगणिक एक टेल्कोवाले काका असतात. कंपनीचं नाव 2003 साली टाटा मोटर्स झालं, पण ते सर्क्युलर काकांनी अजून सही करून घेतलेलं नाही. ओळखायला सोपे. गाव बार्शीकडचं नाहीतर लातूरकडचं, एका गुंठ्यात तीन मजले, त्यातले दोन भाड्याने, अंगात जुन्या युनिफॉर्मचा शर्ट. 1998 च्या इंडिकाचा विषय निघाला, की थोरल्याचं बारसं आठवल्यासारखा गळा भरून येतो.

व्यसन एकच, दुसऱ्याची बिघडलेली गाडी. गल्लीत कुणाचा स्टार्टर दोनदा घरघरला, की काका अर्धा चहा टाकून खाली. तिसऱ्यांदा गाडी चालू झालीच, तर चेहरा पडतो.

माझ्या गाडीने त्यांना निराश केलं नाही. तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसला. दुरुस्तीचा आकडा ऐकून मीही बसलो. मग एका गॅरेजवाल्याने भंगारातला मॅन्युअल गिअरबॉक्स चढवून, क्लचचं पेडल लावून गाडी ताब्यात दिली. पळायला झकास. पण उभी राहिली की काटा आठशेवरून पंधराशेवर, पुन्हा खाली, पुन्हा वर. काळेवाडी फाट्याला शेजारच्या रिक्षावाल्याला वाटलं, मी शर्यत लावतोय. गॅरेजवाला म्हणाला, "ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, अजून गाडी ऑटोमॅटिकच वाटतीय. होईल सवय." मला पटलं. काकांना नाही का अजून टेल्कोच वाटत!

गुरुवार होता. एमआयडीसीची सुट्टी, म्हणजे प्रेक्षक भरपूर. काकांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी त्यावरच्या धुळीत बोटाने मासा काढला. कंपनीच्या क्वालिटी सर्कलमध्ये बिघाडाची कारणं शोधायला उभी हयात हाच मासा काढलेला, हात अजिबात थरथरला नाही. डोक्यात लिहिलं 'रेस खालीवर'. काट्यांवर माणूस, मशीन, मटेरियल, मेथड. "पाना नंतर," ते म्हणाले. "आधी विचार."

मग बॉनेट वर गेलं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. दुसरा हात वर करून भाजीवाल्याची आरोळी थांबवली. टोक इंचाइंचाने सरकत एअर फिल्टरच्या मागे गेलं. तिथे करंगळीएवढी एक नळी उघडी, सुस्स करत हवा ओढत होती. काकांनी तिच्यावर अंगठा दाबला. काटा आठशेवर आला आणि मुकाट तिथेच बसला.

"गिअरबॉक्स उतरवताना फिल्टर काढला, तेव्हा व्हॅक्यूमचा पाइप निघाला. परत लावलाच नाही. हिशोबाबाहेरची हवा आत जाते, रेस वाढते. ईसीयू ती दाबायला जातो, जास्तच दाबली जाते, मग पुन्हा उचलतो. चाललाय झोका."

मी पाइप लावायला पुढे झालो. काका अंगठा काढेनात.

"पाइप का राहिला?" कंपनीत पाच वेळा 'का' विचारल्याशिवाय फाइल बंद होत नसे.

"पोरगा विसरला."

"का विसरला?"

"घाईत होता."

"घाई का?"

"मी डोक्यावर उभा होतो."

"का?"

"रोज रिक्षाला पैसे जात होते, काका."

काकांनी दम घेतला. पाचवा 'का' त्यांनी जरा हळू विचारला. "मग गाडी गॅरेजला टाकायच्या आधी मला का नाही विचारलंस?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. काकांनी अंगठा काढला, पाइप खोचला, क्लिप आवळली. मग बॉनेट खाली घेऊन 'माणूस' या काट्यावर माझं नाव घातलं. मी फडकं शोधायला लागलो, तर ओरडले, "पुसू नको! बिफोर-आफ्टरचे फोटो काढायचेत."

याला तीन आठवडे झाले. गाडी सिग्नलला गाईसारखी उभी राहते. धुतलेली मात्र नाही. काकांच्या मोबाइलची मेमरी फुल आहे, त्याचं कारण ते शोधताहेत.